उलटा खांब

केतुत लानुसला उलटा खांब दिसला आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

उद्या मदे सुग्रियाकडे वास्तुशांत होती. अंगणातला पूर्वेचा, घरच्यांनी झोपायचा मंडप नव्याने उभा राहिला होता. चाळीस वर्षं बालीतल्या या गावचा उंदागी लानुसच. घरधन्याच्या पसरलेल्या हातांचं माप बांबूच्या काठीवर घ्यायचं आणि त्या मापाने घर उभं करायचं, हे काम त्याचं. आणि या खेपेला कुणाला मिळालं? देनपसारला कॉलेजात शिकून आलेल्या सुलात्रीला! कालची पोर! लानुसला बोलावणं होतं ते नुसतं बघायला नि जेवायला. त्याच्या पोटात दुखत होतं. छप्पर सुबक, जोड घट्ट, माप बिनचूक. एकही खोट सापडू नये म्हणजे काय?

आता सापडली. कोपऱ्यातल्या फणसाच्या खांबावर त्याने बोटं फिरवली. गाठी खाली तोंड करून होत्या. झाडाचा शेंडा खाली, मुळाकडचं बूड वर. असल्या अशुभ खांबाखाली कोण सुखाने झोपणार?

सुलात्रीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तेवढं त्याचं मन झालं नाही.

"अरे मदे!" तो ओरडला. नारळाच्या झावळ्या विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. "घर बांधलंयस की डोक्यावर उभं केलंयस? खांब उलटा आहे!"

सुग्रियाचा चेहरा पडला. "काय सांगता काका?"

"मी कशाला सांगू? तिच्या कॉम्प्युटरला विचार. झाडाला मुळं असतात, हे शिकवतात का म्हणावं कॉलेजात?"

कुणीतरी खी खी हसलं. सुलात्रीने खांबाकडे पाहिलं, मग लानुसकडे.

"चुकलं माझं," ती सुग्रियाला म्हणाली. "दुपारच्या आत फिरवून देते."

पाचर निघाली. दोघांनी तुळई तोलून धरली, दोघांनी खांब दगडावरून उचलून आडवा केला. लानुस रुबाबात पुढे वाकला. दगडावर टेकलेल्या टोकावर छोटासा मासा कोरलेला होता.

त्याचाच मासा. पूर्वी प्रत्येक खांबाच्या तळाशी तो कोरायचा. म्हणजे हा खांब इथल्याच जुन्या मंडपाचा, रंधा मारून नवा केलेला. तो मंडप त्यानेच बांधला होता, ज्या वर्षी त्याची तीन अंगणांत एकदम कामं चालली होती. एवढी मागणी होती त्याला तेव्हा.

सुलात्री खाली बसली. धूळ झटकल्यासारखं करून तिने माशावर तळहात ठेवला.

"मलाही उलटाच वाटला होता, आजोबा," ती पुटपुटली. "पण तुम्ही लावलेला. म्हटलं, काही कारण असेल. म्हणून होता तसाच ठेवला."

"काका, बरं झालं तुम्ही होतात!" सुग्रिया लांबून ओरडला. "नाहीतर या पोरीने घातच केला होता!"

लानुसने घसा खाकरला. खरं काय ते सांगायला एवढी एकच वेळ होती. त्याने ती जाऊ दिली.

सुतारांनी खांब फिरवला. माशाचं टोक वर गेलं, तुळईखाली टेकलं, पाचर बसली. टोक तुळईखाली शिरेपर्यंत, मासा कुणाला दिसू नये म्हणून, तिने हात काढला नव्हता. मंडपाचा, कॉलेजचा, तिच्या वयाचा हेवा लानुस कधीचा करत होता. आता त्या हाताचाही करू लागला.