धाकटीची ठेव

"बाई, लवकर बोला. जनरेटरवर एकच फ्रीजर चालेल. कुठला जोडू?" वायरमनने विचारलं.

थोरली घोटाभर पाण्यात उभी होती. गच्चीवरची टाकी फुटून पाणी थेट वीजपेटीत शिरलं होतं. समोर दोन फ्रीजर, दोन्ही गच्च भरलेले. डावीकडे तिचे बेडूक, म्हणजे त्यांच्या कातडीचे आणि रक्ताचे गोठवलेले नमुने. त्यांतल्या कित्येकांची डबकी आता बुजली होती. ते बेडूक पुन्हा मिळणार नव्हते. उजवीकडे धाकट्या बहिणीची ठेव.

दोघी बहिणी बेडकांवरच काम करायच्या, वेगवेगळ्या गावांतल्या संस्थांत. आग लागो की पूर येवो, नमुन्यांचा एक जोडसंच दुसरीकडे सुरक्षित असावा, म्हणून धाकटीने आपला संच थोरलीकडे ठेवायला पाठवला होता. मोहोरबंद. थोरलीने मात्र स्वतःचा काही पाठवला नाही. आधीच धाकटीने काय कमी घेतलं होतं? चिखलात हात घालायला शिकवलं थोरलीने, टाळ्या पडल्या धाकटीला. आईसुद्धा शेजारणींना सांगायची, "माझी धाकटी बेडकांची डॉक्टर." आणि थोरली? "तीही करते तसंच काहीतरी."

उजवीकडचा फ्रीजर बंद पडला तर? विचार आला आणि तिला क्षणभर गोड वाटलं. गोड वाटलं म्हणूनच ती दचकली. लोक म्हणतील, जळत होती, डाव साधला. लोकांचं जाऊ दे, उद्या आपल्यालाही तेच खरं वाटेल.

"उजवीकडचा जोडा," ती म्हणाली आणि पाठ फिरवून बाहेर गेली.

वीज यायला दोन दिवस लागले. तोवर डाव्या फ्रीजरच्या दारातून लालसर पाणी ठिबकायला लागलं होतं.

निरोप मिळताच धाकटी मिळेल ती गाडी पकडून आली. थोरलीने तिला उजव्या फ्रीजरपुढे उभं केलं.

"घे. तुझं सगळं शाबूत आहे. माझं गेलं."

आवाजातला कडवटपणा तिने लपवला नाही. धाकटीने फ्रीजरच्या दाराला हातही लावला नाही.

"ताई, त्या नळ्यांत नुसतं पाणी आहे गं."

"काय?"

"खरे नमुने मी पाठवलेच नाहीत. तू उघडून बघितले असतेस तर? मला इतक्या वर्षांत जे दिसलं नाही, ते तुला तासाभरात दिसलं असतं. लहानपणापासून तेच होत आलंय. मी जळते तुझ्यावर."

थोरलीचं आयुष्यभराचं काम गटारात वाहून गेलं होतं. ओरडायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला, आपलीच लाज वाटावी इतका, आनंद झालाय.