पुन्हा एकपासून

साडेसहा वाजले आणि फोन वाजला. काळूराम खुर्चीत बसून नुसता त्याच्याकडे बघत राहिला.

फोन नेहमीच्या जागी होता, खिडकीच्या कट्ट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवून उभा केलेला. त्यावर भाविकाचा फोटो दिसत होता. काळूरामची आंघोळ झाली होती, अंगात धुतलेली बंडी होती, केस विंचरलेले होते. तयारी सगळी होती. फक्त त्याला फोन उचलायचा नव्हता.

गेले वीस दिवस या वेळेला हा फोन यायचा आणि तो लगेच उचलायचा. खारघरला राहणाऱ्या नातीने आजोबांच्या आखडलेल्या गुडघ्यांसाठी एक चॅलेंज काढलं होतं. खुर्चीला हात न लावता उठायचं आणि परत बसायचं. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं करत एकवीसपर्यंत. ती व्हिडिओ कॉलवर मोजायची. कधी चहा गाळता गाळता, कधी केसांना क्लिप लावताना, पण मोजायची, आणि शेवटी "छान" म्हणायची. नियम एकच होता. साडेसहाला केलं नाही तर दिवस चुकला, आणि दिवस चुकला की पुन्हा एकपासून.

काळूरामला या नियमाचं नवल वाटलं नव्हतं. उरणच्या मिठागरात त्याने चाळीस वर्षं वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट केला होता. तुडवायला घेतलं की खाडा करायचा नाही. एक दिवस पाय पडले नाहीत तर उन्हाने तळाला भेगा जातात, मग पाणी सोडून पहिल्यापासून तुडवावं लागतं. अंगात ताप असतानाही आपण कधी खाडा केला नाही, हे तो येईल त्याला सांगायचा. आळीतल्या पोरांनाही ते आता पाठ झालं होतं.

काल विसावा आकडा मोजून झाल्यावर भाविका म्हणाली होती, "उद्या एकवीस, आजोबा. मग तुम्हाला सवयच लागेल. मग मी नसले तरी चालेल." सोमवारपासून या वेळेला ती सोसायटीतल्या बायकांचा व्यायाम घेणार होती. पोरीचा काही दोष नव्हता, ती आनंदानेच सांगत होती. काळूरामही तोंडभर हसला. पण त्या घरात त्याच्याशी सकाळी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

फोन थांबला. परत वाजला, आणि भलतंच झालं. काळूरामचे पाय उठायला लागले. टाचा जमिनीत रुतल्या, मांड्या आवळल्या, कंबर पुढे झाली. वीस दिवस या आवाजाला उठलेलं शरीर ते, त्याला आजचा बेत कुणी सांगितला होता? काळूरामने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि स्वतःला खाली दाबून ठेवलं.

तिसऱ्यांदा वाजून फोन गप्प झाला, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की पोरगी घाबरली असेल. त्याला स्वतःची लाज वाटली.

तोवर शेजारची मनुबाई स्वतःचा फोन कानाला लावून दारात उभी राहिली. भाविकाने तिला धावत पाठवलं होतं. मनुबाईने त्याच्या विंचरलेल्या केसांकडे पाहिलं, बरणीला टेकलेल्या फोनकडे पाहिलं, मग खुर्ची आवळून धरलेल्या बोटांकडे.

"बसलाय गो तुजा आजा. बरा हाय," ती फोनमध्ये म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला.

भाविका आधी रडवेली झाली, मग चिडली. एकविसाव्या दिवशी कुणी झोपून राहतं का, असं तिने विचारलं.

"चुकला गो, बाय," काळूराम म्हणाला. "झोप लागली मना."

जन्मात पहिल्यांदा त्याने खाडा कबूल केला, आणि तोही खोटा.

मग आता पुन्हा एकपासून, भाविका म्हणाली. नियम म्हणजे नियम. बायकांना ती अर्धा तास उशिरा बोलावणार होती. काळूरामने मान हलवली. आपली मान तिला दिसत नाही हे त्याच्या लक्षात राहिलं नाही.

मनुबाईने फोन परत घेतला. दारातून वळून ती हळूच म्हणाली, "झोपलेल्या माणसाचा भांग बरा सरळ हाय, दादा."

दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्याच घंटीला फोन उचलला. हात मांडीवर ठेवले आणि तो उठला. होईल तितका सावकाश उठला. भाविकाने गुडघा दुखतोय का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाला. पुरता उभा राहिला, पुन्हा सावकाश बसला.

"एक," भाविका म्हणाली. "छान. उद्या दोन. ठेवते हं."

फोन काळा झाला. एक म्हणजे एवढंच असतं, हे काळूरामच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाय मात्र थांबायला तयार नव्हते. तो उठला, बसला. दोन. तीन. उरलेले सगळे त्याने बरणीकडे तोंड करून मोठ्याने मोजले, भाविका मोजायची तसेच, मध्ये दम घ्यायला जागा ठेवत. एकवीस झाले. तो खुर्चीत धापा टाकत बसला आणि तोंड उघडून थांबला. भाविका शेवटी म्हणायची तो शब्द त्याला स्वतःला म्हणता येईना.