मशीनचं माप

माप घ्यायचं तर माणसाला समोर उभं करून, सांगून घेतात. एवढी साधी रीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत कोणी शिकवत नसावं. नात दोन दिवस आजीच्या शिलाई मशीनखाली घुसत होती, तीही आजीचीच टेप घेऊन. आजी दारात दिसली की "काही नाही गं, पेन पडलं होतं," म्हणत बाहेर यायची. एकाच जागी माणसाची पेनं पडावीत तरी किती?

आज उलगडा झाला. नातीच्या वर्गातला एक उंच मुलगा, ज्याचं नाव आजीने आल्या आल्याच बांबू ठेवून टाकलं होतं, आणि एक चष्मेवाली मुलगी घरी आली. तिघांनी आजीच्या कापायच्या टेबलावर कागद पसरले. कापडाची थप्पी ढकलून, खडू हवा तसा घेऊन. आजी मशीनवर गणवेशाच्या बाह्या जोडत राहिली. पाय पायडलवर, कान टेबलाकडे.

शाळेतल्या सातवीच्या मुलांना शिकवण्यासाठी एक यंत्र करायचं होतं. वर-खाली होणाऱ्या हालचालीने चाक गोल कसं फिरतं, हे वर्गात दाखवणारं. आराखडा उद्या सकाळी सरांच्या हातात पडायला हवा होता, नाहीतर त्यांचा गट बाद.

आजी उठली आणि तिने यादीवर बोट ठेवलं. तिचं वाचणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. एकेक अक्षर डोळ्यांपाशी न्यायचं.

"मो-टर. प-ट्टा. पा-र-द..." ते तिने सोडून दिलं. "शिलाई मशीन, जुनं. एक नग. घरून, फुकट."

नात यादी आपल्याकडे ओढू लागली.

"आयत्या बिळावर नागोबा," आजी म्हणाली. "पुढचं तू वाच गं."

नातीने वाचलं. "एक बाजू कापून काढणे."

"आजी, मुलांना आतलं दिसायला नको का?" बांबू मध्ये पडला. "आणि तुम्ही तसंही आता शिवणं सोडणार आहात ना?"

"कोण म्हणालं?"

बांबूने नातीकडे पाहिलं. नातीने खडूकडे.

आजीने आवाज चढवला नाही. सुईखाली अर्धी जोडलेली बाही होती, ती तशीच राहू दिली आणि नातीला स्टूल दाखवलं.

"बस."

"कुठे, तुझ्या जागेवर?"

"जे कापायला निघालीस ते चालवून तरी दाखव."

नात बसली. पायडलवर पाय दाबला. चाक हललं नाही. आणखी जोर लावला, तरी नाही.

"अडकलंय."

"काही अडकलेलं नाही. पायडलपासून चाकाला जाणारी सळई अगदी वरच्या टोकाला जाऊन उभी आहे. तिथे नुसत्या पायाचं चालत नाही."

नातीने दात-ओठ खाऊन टाच मारली. चाक फिरलं, पण उलटं. कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला आणि दोरा तटकन तुटला.

"म्हणूनच तर मोटर लावतोय, आजी," चष्मेवाली समजावू लागली. "मोटर असली की नेहमी बरोबरच फिरणार. वर्गात फजिती नको."

"कोणाची?"

"आमची."

"आणि पोरं काय करणार?"

"बघतील की."

"बरं. बघून झाल्यावर?"

चष्मेवालीने चष्मा पुसायला घेतला.

नात मात्र उठली नव्हती. तिने गुंता सोडवला. दोनदा हुकून तिसऱ्यांदा सुईत दोरा ओवला. मग खाली वाकून सळईकडे पाहिलं, या वेळी टेप न घेता. हात बाजूच्या छोट्या चाकावर ठेवला, ते जरासं स्वतःकडे ओढलं आणि मग पाय दिला. मशीन चाललं. बोटभर चाललं आणि पुन्हा थांबलं.

"खालीसुद्धा आहे," ती पुटपुटली. "वर एक जागा, खाली एक. तिथे चाक स्वतःहून जात नाही, आधीच्या वेगावर निघून जातं. वेग नसला तर हात द्यावा लागतो." ती एकदम मैत्रिणीकडे वळली. "अगं, दाखवायचं ते हेच ना? मोटर लावली तर हे कोणाला कधी कळणारच नाही. मुलांचा पाय पडू दे ना त्यावर. फिरू दे उलटं."

चष्मेवालीने यादी ओढली आणि मोटरवर रेघ मारली. पाठोपाठ पट्ट्यावरही.

"मग मशीनचं काय लिहू?" बांबूने विचारलं. "कापायचं की नाही? उद्या सरांना सांगायला हवं."

नातीने त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि ‘फुकट’ खोडलं. त्या जागी काय लिहावं ते तिला सुचेना. पेन कागदावर टेकवून तिने आजीकडे पाहिलं.

आजीने बाही उचलून खिडकीपाशी धरली. आजीची शिवण होती तिथपर्यंत ती सरळ गेली होती. पुढे नातीची, साप सरपटल्यासारखी. तिने बाही नातीच्या मांडीवर टाकली.

"डोकं आहे तुला, रीत नाही. आमच्या धंद्यात आधी कापतात, मग शिवतात. तुला मी उलटं सांगते. आधी ही उसव आणि सरळ शिवून आण. मग अशी समोर उभी राहा आणि विचार मला, आजी, कापू का म्हणून."