बोटभर जागा

पेटीत गिअरबॉक्स एक, लाकडी ठोकळे आठ, फोमच्या पट्ट्या सोळा. कुठे फट राहिली नाही ना, हे बाबा हात फिरवून बघत होते. तो गिअरबॉक्स बसवायला परदेशी निघालेला दादा हसला. "बाबा, मला कधी एवढं जपलं नाहीत!"

"तू पडलास तर उठशील, घोड्या. पेटीत बोटभर जागा राहिली, तर हा वाटभर आपटत जाईल."

गिअरबॉक्स ओरखडा न पडता पोचला. तिथे तो उचलताना साखळी तुटली. दादा खाली उभा होता.

आठवड्याने कंपनीने दादाला लाकडी पेटीत घालून परत पाठवलं. बाबांनी झाकण काढलं, खिशातला टेप काढला.

दादाच्या डावीकडे नऊ सेंटीमीटर मोकळी जागा होती, उजवीकडे अकरा.