अळवातला चिखल

प्रयोगशाळेतल्या मेघनाने बरणी उजेडात धरली आणि मान हलवली. "काका, घरचं सांडपाणी आणा म्हटलं होतं. यात जिवंत काहीच नाही."

"मोरीचंच आहे," कासार म्हणाले. "कुमुद बरी होऊन घरी येणार म्हणून फिनेल टाकून घासली. तिला शेवाळं खपत नाही."

मेघनाने बरणी खाली ठेवली. अतिदक्षता विभागातल्या म्हाताऱ्या माणसांना धरणाऱ्या जंतूंवर आता कुठलंही औषध चालत नव्हतं. त्या जंतूंना मारणारे विषाणू रुग्णाच्या घरच्या घाणीत शोधायचे, वाढवायचे आणि सलाईनमधून द्यायचे, एवढाच उपाय उरला होता. कासारांच्या बायकोच्या, कुमुदताईंच्या, फुफ्फुसातल्या जंतूला मारणारा विषाणू प्रयोगशाळेच्या साठ्यात नव्हता.

"मोरीचं पाणी पुढे कुठे जातं?"

"परसात, अळवाला."

"मग तिथेही फिनेल गेलं असणार."

"छे! फिनेल टाकलं की नळीला बोळा लावायचा आणि पाणी उपसून गटारात टाकायचं, नाहीतर अळू जळतं. त्यावरून जन्मभर ओरडा खाल्लाय मी तिचा. परवाही लावला बोळा."

कासार तसेच घरी गेले आणि अळवाच्या मुळांशी हात घालून बरणीभर काळा चिखल घेऊन आले.

दोन-तीन दिवसांनी मेघना लगबगीने आली. "मिळाला, काका! आज सुरू करतोय."

कासारांनी काचेपलीकडे निजलेल्या कुमुदकडे पाहिलं. तिच्या उशाशी टांगलेल्या पिशवीतलं पाणी अगदी नितळ दिसत होतं.

"शुद्धीवर आली," ते हळूच म्हणाले, "तर हे कुठलं पाणी, ते तिला सांगू नका हं."