शेजारचा खलबत्ता

"आई, घरात काय आदळतंय?" फोनवर राहुलने विचारलं.

"आपल्याकडे नाही रे. शेजारी प्रज्ञा मसाला कुटतेय," रंजनाबाई म्हणाल्या.

"रोज? मसाल्याचं दुकान काढलंय का तिने?"

दुकान नव्हतं. प्रज्ञा घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची आणि तिचा नवरा धम्मपाल पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात होता. माणसं लाख मोलाची. रंजनाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या नवऱ्याचा, भिकनआप्पांचा डबा प्रज्ञानेच केला. अजूनही भाजीची वाटी आल्याशिवाय दिवस जात नसे. पण दोन घरांत मिळून भिंत एकच, तीही एका विटेची. दिवसा प्रज्ञाचा खलबत्ता, रात्री धम्मपालचं खाट सरकवणं नाहीतर भिंतीत खिळा ठोकणं. वेळही कशी नेमकी साधायची! इकडे रंजनाबाईंनी तोंड उघडायचा अवकाश, तिकडे धाड.

त्यांना झोपेची फिकीर नव्हती. त्यांना भीती होती ती आपल्या हाकेची. ऑपरेशननंतर त्यांना खाटेवरून आपलं आपण उठता येत नव्हतं. आप्पांनी हात दिला की मग वॉकर धरून चालायच्या. आणि राहुलने तर साफ सांगून ठेवलं होतं, "आई, तू बडोद्याला माझ्याकडे ये. आप्पा गावी काकांकडे राहतील. माझ्या घरात दोघांची सोय नाही, आणि आप्पांना आता तुझं करणं झेपायचं नाही."

"एका हाकेत येतात ते," रंजनाबाई ठणकावून म्हणाल्या होत्या. "दुसरी हाक मारावी लागली, तर खुशाल ने मला."

आणि ते खरंच होतं. सगळा जन्म लूमच्या खात्यात गेला तेव्हा या माणसाला बायकोकडे बघायला सवड नव्हती. आता त्या बोलू लागल्या की आप्पा हातातलं काम टाकून त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. साठी उलटलेल्या रंजनाबाईंना त्याची लाज वाटे, आणि बरंही वाटे. तुला त्रास नको म्हणून टीव्हीसुद्धा ते आवाज बंद करून बघत. असा नवरा सोडून त्या बडोद्याला जाऊन काय करणार होत्या?

म्हणून त्यांनी ठरवलं, आता शेजाऱ्यांना बोलायचंच, आणि आप्पांना तसं सांगितलं.

"कसाले बोलस त्यासले?" आप्पा एकदम कावरेबावरे झाले. "त्या काय मुद्दाम करतस? जाऊ दे ना वं."

"तुम्ही गप बसा. एक दिवस त्या दणदणाटात माझी हाक तुम्हाला ऐकू यायची नाही, मग काय करू मी?"

आप्पांनी त्यांना हात देऊन उठवलं, वॉकर हाती दिला. पिशवी उचलून ते दूध आणायला गेले.

रंजनाबाई वॉकर टेकत टेकत शेजारच्या दाराशी पोहोचल्या. प्रज्ञाने धावत येऊन खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी आणलं. असल्या पोरीला बोलायचं म्हणजे जिवावरच आलं. खलबत्ता भिंतीला लागून होता, घासूनपुसून लख्ख.

"प्रज्ञा, राग मानू नकोस. पण हे कुटणं, ठोकणं जरा कमी कर ना. माझी हाक ह्यांच्यापर्यंत पोहोचायला नको का?"

प्रज्ञाचा चेहरा उतरला. हातातला खडा तिने डबीत टाकला, पुन्हा काढला.

"काकांनी धाडलं का तुमाले?"

"ते कशाला धाडतील? ते तर नकोच म्हणत होते."

"बंद करतो, काकू," ती खाली मान घालून म्हणाली. "तुमाले तरास होईन असं नाई वाटलं आमाले. माफ करा."

तिने त्यांना धरून घरापर्यंत पोहोचवलं, खाटेवर नीट निजवलं. जाताना दारात जरा थबकली, आणि मग गेली.

दुपारभर शेजारी चिडीचूप. रंजनाबाईंना अगदी सुनंसुनं वाटायला लागलं. पोरीला उगाच दुखावलं असं सारखं मनात येत राहिलं. समोरच्या खोलीत आप्पा त्या एका विटेच्या भिंतीला पाठ टेकून गवार निवडत बसले होते. दारातून त्यांची एक बाजू दिसत होती.

तेवढ्यात राहुलचा फोन आला.

"आप्पांना दे जरा."

फोन कानाला तसाच धरून रंजनाबाईंनी हाक मारली, "अहो, आयकं का?"

आप्पांनी एक शेंग मोडली.

"अहो! राहुलचा फोन आहे."

आप्पांनी दुसरी मोडली. शिरा ओढून काढल्या, शेंग ताटात टाकली. घरात कसलाही आवाज नव्हता. गवार मोडल्याचा तेवढा येत होता.

"झोपलेत का?" राहुलने विचारलं.

रंजनाबाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावला, "अहो, इकडे बघा ना!"

भिंतीपलीकडे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मग भिंतीवर एकच ठोका पडला, हलका, भीतभीत मारलेला.

भिंतीला टेकलेली आप्पांची पाठ दचकली. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि ते लगबगीने उठले. "उनू वं, उनू."

"आई, कसला आवाज झाला?"

दारात येऊन उभे राहिलेले आप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रंजनाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "प्रज्ञा मसाला कुटतेय. कुटू दे तिला."