पत्ता प्रभू सांगेल

"पत्ता?" टेम्पोवाल्या मल्लाप्पाने तिसऱ्यांदा विचारलं.

"येईल," सुशांत म्हणाला.

"मेसेज येणार काय, सार?"

"कसा येईल ते प्रभूवर आहे."

मल्लाप्पाने नुकत्याच चढवलेल्या फ्रिजकडे पाहिलं. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या गल्लीत एक अख्खं घर टेम्पोत भरून उभं होतं आणि ते कुठे जाणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. खोक्यांवर मात्र सुशांतने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : हॉल, किचन, बाल्कनी. सोडत होते त्या घराला बाल्कनी नव्हती.

शाल्मली फुटपाथवर, गुंडाळलेल्या गादीवर बसली होती. तिला सातवा महिना होता. सकाळपासून ती नवऱ्याशी मल्लाप्पामार्फत बोलत होती.

"मल्लाप्पा, यांना विचारा, प्रार्थना केली की ब्रोकरला फोन करायचा नाही, असं कुठल्या पाळकसाहेबांनी सांगितलंय?"

सुशांतचा तो नियमच होता. गरज फक्त प्रभूला सांगायची. माणसाला सांगितली की तो विश्वास राहत नाही, वशिला होतो. पुण्यात त्याला पहिली नोकरी अशीच मिळाली होती. शाल्मलीच्या मते ती तिच्या मामामुळे मिळाली होती.

प्रभूला तो रोज पहाटे साडेपाचला सांगायचा. मोठ्याने, बाथरूममध्ये, म्हणजे शाल्मलीची झोपमोड नको. बाथरूमचा डक्ट सरळ वर घरमालकांच्या बाथरूममध्ये जात होता. घर सोडायला लागलं ते त्यामुळेच.

"काय रे, अजून इथंच?" वरच्या गॅलरीतून घरमालक त्रिविक्रम ओरडले. "पाचला कुलूप घालणार मी! रात्री फुटपाथवर झोपा जा!"

"हो, काका."

"तुझ्या देवाला ऐकू कमी येतं काय रे? रोज पहाटे माझ्या संडासात बोंबलतोस, घर दे, शांतता दे! या घरात एकानेच ओरडायचं असतं. ते मी ओरडतो. तीस वर्षं झाली."

गेल्या अकरा महिन्यांत सुशांतने ते ओरडणं ऐकलं होतं.

त्रिविक्रमांच्या पत्नी राजलक्ष्मी अक्का कॉफी घेऊन खाली आल्या.

"ए, कॉफी कशाला त्यांना? वर ये आधी!" त्रिविक्रमांचा आवाज शेजारच्या तीन घरांत पोचला.

अक्कांनी वर पाहिलंसुद्धा नाही. पहिला पेला शाल्मलीला दिला.

"मल्लाप्पा, गाडी देवनहळ्ळीला येते का रे?"

"येते अक्का. ट्रॅफिकमुळे स्वल्प उशीर होईल."

"सरी, चालेल."

शाल्मली दचकली. "अक्का, तिथे घर आहे?"

"माझ्या दिरांचं आहे. ऐसपैस आहे. मागे खोली रिकामी आहे."

सुशांतने तिथेच, टेम्पोला टेकून, डोळे मिटले. ओठ हलू लागले.

"आभार मानतोय!" शाल्मली दिवसभरात पहिल्यांदा थेट त्याच्यावर ओरडली. "देवनहळ्ळी! पार एअरपोर्टच्या पलीकडे! माझी डॉक्टर इथे, तुझं ऑफिस इथे! कळा सुरू झाल्या की विमानाने येऊ का मी?"

"प्रभूने पुरवलंय, शालू. आपण नाही म्हणायचं नाही."

"तू मागताना बाल्कनीपर्यंत मागतोस, एरिया सांगायला काय झालं होतं?"

वर त्रिविक्रमांनी गॅलरीच्या कठड्यावर दोन्ही हात आपटले. "माझ्या भावाकडे? अजिबात नाही! कोणाला विचारून?"

"भावजींशी बोलणं झालंय," अक्का म्हणाल्या. "या म्हणालेत."

"तू कोण ठरवणारी? थांब, आलोच!"

पाचला पाच मिनिटं कमी असताना त्रिविक्रम कुलूप नाचवत खाली आले. सुशांतला ढकलून दाराशी गेले. अक्का त्यांच्या आधी तिथे उभ्या होत्या. त्यांनी ते कुलूप नवऱ्याच्या हातून काढून घेतलं, लहान पोराच्या हातची कात्री काढून घ्यावी तसं.

"अहो, हे घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर करून दिलंय," त्या म्हणाल्या.

मग मल्लाप्पाकडे वळल्या.

"या पोरांचं सगळं सामान परत आत लाव. आणि वर ह्यांच्या तीन बॅगा भरून ठेवल्यात, तेवढ्या गाडीत चढव."